कर्जाचे कारण

शालिमारच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर,
खाली चपलांचं दुकान, वर आमची पतसंस्था.
जिना चढताना मास्तर लोक दोनदा थांबतात :
एकदा गुडघ्यासाठी,
एकदा खिशात पगारपावती आहे ना, ते चाचपायला.

सत्तावीस वर्षं मी खिडकी क्रमांक दोन.
अर्ज घेते, सही ताडून बघते,
"दुसरा जामीनदार कुठाय?" विचारते.
अर्जात एक रकाना आहे : कर्जाचे कारण.
तिथं सगळेच लिहितात, घरदुरुस्ती.

शेवाळे बाईंची घरदुरुस्ती म्हणजे आईचं डायलिसिस,
आठवड्यातून दोनदा, द्वारका चौकातून रिक्षा बदलून.
गांगुर्डे गुरुजींची घरदुरुस्ती जुनी मोटरसायकल होती.
पेठच्या घाटात बंद पडायची,
गुरुजी ढकलत न्यायचे, प्रार्थनेच्या आत पोचायचे.
कुणाची घरदुरुस्ती फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होती.
एकाची, मला ठाऊक आहे, गुत्त्यावर गेली.
तिचेही हप्ते वेळेवर आले.
बायको यायची भरायला, पदर घट्ट धरून,
सुटे मोजून.

मी काही बोलत नाही. शिक्का मारते.

सुरगाण्याहून एकदा मावंजी भोये आले.
साठ हजार. कारण : घरदुरुस्ती.
जामीनदार दोन, त्याच केंद्रातले :
रमजान तांबोळी, कौतिक अहिरे.
सहा महिन्यांनी आमचा वसुलीवाला त्या बाजूला गेला,
आला तो डोकं खाजवतच :
घर होतं तसंच आहे, कुडाचं, एका अंगाला कललेलं.
पण पाड्यावरच्या शाळेला नवे पत्रे आहेत.
निळे.

वार्षिक सभा.
दोनशे खुर्च्या, साडेतीनशे सभासद.
लाभांश नऊच टक्के का, दहा का नाही,
आणि दिवाळीला स्टीलचा डबा की सोलापुरी चादर,
यावर दीड तास.
मग विषय क्रमांक अकरा.
ही संस्थेची फसवणूक आहे, कुणी म्हणालं.
पत्रे घालणं जिल्हा परिषदेचं काम, दुसरं कुणी.
तेही खरंच होतं. वाऱ्यानं छप्पर उडाल्यापासून
प्रस्ताव टेबलावरून टेबलावर चालत होता,
त्याच्याही पायाला फोड आले असतील.

भोये उठले. माईक बाजूला ठेवला.
शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,
"साडेदहा ते पाच मी तिथंच असतो, चाळीस पोरांसंगं.
म्हणून घर लिहिलं.
चुकलं असेल तर खोडतो."

एक टाळी वाजली. एकटीच होती, थांबली.

ठराव झाला : व्याज नियमाप्रमाणे, सूट नाही.
मी इतिवृत्त लिहीत होते, मलाही ते पटलं.
पैसा शेवटी शेवाळे बाईंचा, गांगुर्डे गुरुजींचा,
आणि त्या सुटे मोजणाऱ्या बाईचा.

पण पुढच्या महिन्यापासून
भोयांच्या कर्जखात्यावर तीन नोंदी पडू लागल्या.
एक भोयांच्या पगारातून.
पाचशे तांबोळींचे.
पाचशे अहिऱ्यांचे.
जामीनदारानं भरायचं असतं कर्जदार थकला तर,
मी फोन करून सांगितलं, नियम तसा आहे.
तांबोळी म्हणाले, "ताई, थकायची वाट कशाला बघायची?"
आणि फोनवरच कुणाला तरी पाढे म्हणायला लावले,
एकोणतीसचे.

आता मी निघणार, या महिनाअखेर.
अर्ज संगणकात चाललाय.
कारणांची यादी तयार आहे, सात कारणं,
बोट लावायचं, पुढं जायचं.
मी त्या पोराला म्हटलं, खाली एक रिकामी जागा ठेव.
किती अक्षरांची, मॅडम?

तो थांबलाय, बोटं कळफलकावर.
मी जिन्याकडे कान देते.
कुणीतरी चढतंय.
एकदा थांबलं.